एकवीस नंबरचा दात

आमच्या डॉक्टरबाईंच्या लक्षात माणसांची नावं राहत नसत, दात राहत. बाजाराच्या दिवशी पिशवी घेऊन निघाल्या की समोरून येणाऱ्याच्या थेट तोंडाकडे बघायच्या, आणि ओळख पटली की भर रस्त्यात हाक मारायच्या, "काय हो, खालची अक्कलदाढ! सूज उतरली का?" चांगला कडक इस्त्रीचा बागायतदार माणूस गाल धरून जागच्या जागी उभा राहायचा. मेथी विकणाऱ्या आजी म्हणजे 'वरचा सुळा'. दूध घालणारा दादा म्हणजे 'फटीवाला'. आणि मी 'एकवीस'.

दातांच्या डॉक्टरांकडे प्रत्येक दाताला नंबर असतो म्हणे. वरचा, पुढचा, डावीकडचा तो एकवीस. माझा नेमका तोच तुटलेला. गल्लीतल्या बायकांना काही दिवस वाटत होतं, की बाई माझं वय सांगतायत. पुढच्या वर्षीही त्यांनी मला एकवीसच म्हटल्यावर मेथीवाल्या आजी म्हणाल्या, "या पोरीचं वय काय वाढत न्हाई बाबा."

डॉक्टरबाई आता सोनईत नाहीत. लेकीकडे बंगळुरूला गेल्या. खालच्या दवाखान्यात मोबाईलच्या कव्हरचं दुकान आलंय. मी अजून वरच्याच खोलीत राहते, आणि त्यांच्याबद्दल कुणी विचारलं तर सांगायला कुठून सुरुवात करावी ते मला कधीच कळत नाही. म्हणून दातापासून केली.

मी अकोले तालुक्यातली. भंडारदऱ्याच्याही वर आमचं गाव. पाऊस लागला की जीप येईल का नाही याचा भरवसा नाही, असं. आठवीनंतर माझी शाळा सुटली. सोडली असं मी म्हणत नाही, सुटली. पुढची शाळा खाली लांब होती आणि घरी वडलांची कंबर धरलेली. काही वर्षं गावातच शिवणकाम केलं, मग नात्यातल्या एकांच्या ओळखीनं सोनईच्या साडीच्या दुकानात मागच्या बाजूला फॉल-पिकोचं काम मिळालं. जिल्हा तोच, पण मला तो परदेशच. बघावं तिकडे सपाट आणि ऊस. डोंगर कुठंच नाही. पहिले काही दिवस मला सारखं वाटायचं, की पाठीमागं टेकायला काहीच नाही.

खोली दुकानाच्या शेठांनीच बघून दिली. दवाखान्याच्या वरची. मी पेटी घेऊन आले तेव्हा डॉक्टरबाई दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. साठीच्या पुढच्या, काटकुळ्या, केस बारीक कापलेले, पायात पुरुषी चपला. नाव नाही, गाव नाही, पहिलं वाक्य, "तोंड उघड."

मी घाबरून उघडलं.

"हापसा?"

"व्हय," मी म्हणाले. "ल्हान हुते तवा. दांडा उसळून वर आला."

"डोंगरातल्या पोरींचे निम्मे दात हापशांनी खाल्लेत. आणि ही खालची खाच? ही दोऱ्याची. शिवताना धागा दातानं तोडतेस."

मला वाटलं, ही बाई आता माझी जन्मतारीखही सांगणार. माझा हात आपोआप तोंडावर गेला. तशी मला सवयच होती. बोलायचं झालं तरी हात, हसायचं झालं तरी हात. बाईंनी त्या हाताकडे दाताइतकंच बारकाईनं पाहिलं, "हं" केलं आणि किल्ली दिली.

त्यांच्या दवाखान्याची पाटी एवढीच होती: 'दातांचा दवाखाना. घाई असेल त्यांनी नगरला जावे.' शेजारच्या चौकात दुसऱ्या एका दातवाल्यांनी हसऱ्या नटीचा मोठा फ्लेक्स लावला होता. बाई त्याखालून जाताना वर बघून म्हणायच्या, "हिचे सगळे दात एकाच साच्यातले. दोन दिवसांत कंटाळा येईल नवऱ्याला."

आणि दवाखान्यात आरसा नव्हता. एकही नाही. पेशंटच्या तोंडात घालतात तो चिमुकला सोडून. दात बसवून घेतलेला माणूस विचारायचा, "बघू का?" तर म्हणायच्या, "तू बघून काय करणार? बाहेर जा. कुणी काही बोललं नाही तर चांगला झालाय. दात ओळखू आला तर माझं काम फसलं."

हे त्यांचं आवडतं वाक्य. लोक चिडायचे. दात केल्यावर तो दिसायला नको? एकदा लग्न ठरलेला एक मुलगा आला, गॉगल वगैरे. त्याच्या पुढच्या दोन दातांच्या मध्ये फट होती आणि कडा झिजल्या होत्या. बाई म्हणाल्या, मसाला लावून भरून देते, छान होईल. मसाला म्हणजे त्यांचं ते दाताच्या रंगाचं मऊ मटेरियल, जे दातावर चिकटवून आकार देतात आणि मग निळ्या उजेडानं कडक करतात. मुलगा म्हणाला, "मॅडम, रंग एकदम पांढरा पाहिजे. फोटोत चमकला पाहिजे."

बाईंनी वाद घातला नाही. त्यांच्याकडे रंगांची एक पट्टी होती, वेगवेगळ्या छटांचे छोटे नकली दात ओळीनं लावलेली. त्यातला सगळ्यात पांढरा काढला, मुलाला दंडाला धरून रस्त्यावर आणलं, तो दात त्याच्या ओठाशी धरला आणि मेथीवाल्या आजींना हाक मारली.

"वरचा सुळा! इकडे बघा. हा दात माणसाचा वाटतो का?"

आजींनी डोळे बारीक केले. "बाथरूमची फरशी वाटती."

मुलगा तोंड पाडून आत आला आणि साध्या रंगाचे दात करून घेऊन गेला. लग्नाचे पेढे आणून दिले तेव्हा नवरी म्हणाली, "यांचे दात तेवढे पहिल्यापासून चांगलेत." बाई त्या दिवशी दुपारभर शीळ घालत होत्या.

माझ्या दाताचं मात्र त्या काही बोलेनात. मीही विचारलं नाही. मला कुठलीच गोष्ट विचारायची भीती वाटायची. आपण विचारलं आणि समोरचा 'नाही' म्हणाला तर आहे तेवढंही जायचं, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. खोली मिळालीय, काम मिळालंय, गप राहावं.

संध्याकाळी मात्र त्या मला खाली बोलवायच्या. त्यांना विणकामाचा नाद होता. निदान मला तसं वाटलं. लोकरीची लडी माझ्या दोन्ही हातांत अडकवायच्या, समोर बसून गुंडा गुंडाळायला लागायच्या आणि बोलायच्या. सोनईत स्वेटर लागतो तो थंडीतल्या चार सकाळी, पण एवढी लोकर कशाला हे विचारणारी मी कोण? मी आपली समया धरल्यासारखे हात पुढं करून बसायची.

प्रश्न तरी काय विचारायच्या! "तुमच्या गावात रेडे किती?" "भात लावताना पाय कुठपर्यंत रुततो?" मी एका शब्दात उत्तर द्यायची, तोंड खाली घालून. मग त्या खोडी काढायच्या.

"डोंगरातल्या तांदळाला काय चव असते! नुसता पेंढा."

"आवं बाई, काय बोलता?" मी उसळून मान वर करायची. "आमचा काळभात शिजला ना, तर तिसऱ्या घरात वास जातो! दुसऱ्या दिवशी शिळा खाल्ला तरी..."

"थापा."

"थापा न्हाई! आई पाठवील, तवा बघा!"

बाई मान हलवत गुंडाळत राहायच्या. दोन्ही हात लोकरीत अडकलेले, त्यामुळे तोंड झाकायला हात नाही. मी भांडत राहायची. एकदा माझ्या लक्षात आलं, की हिरवी लडी आज पुन्हा आलीय.

"बाई, ही लोकर तर मागल्या आठवड्यात गुंडाळली हुती."

"लक्ष आहे म्हणायचं तुझं. हात हलवू नकोस."

त्या घरात विणलेली एकही वस्तू मी कधी पाहिली नाही. सुयासुद्धा नव्हत्या. गुंडाळायचं, माझ्यामागं पुन्हा सोडून लडी करायची आणि पुन्हा गुंडाळायचं. याचा अर्थ मला फार उशिरा लागला.

तेवढ्यात दुकानात नवंच सुरू झालं. गिऱ्हाईक नगरला मोठ्या दुकानांत जायला लागलं म्हणून शेठांनी मोबाईलवर लाइव्ह साड्या विकायचं ठरवलं. त्यांची पुतणी बोलणार होती, पण तिचं लग्न होऊन ती गेली. फॉल-पिको आता बाहेरून मशीनवर करून येणार होतं. शेठ माणूस वाईट नाही. मला बोलवून सरळ म्हणाले, "हे बघ पोरी, मागचं काम बंद व्हायला लागलंय. तुझा आवाज चांगलाय, साडीतलं तुला कळतंय. लाइव्ह बोलशील तर तू इथं. न्हाईतर मला दुसरी पोरगी बघावी लागंल."

म्हणजे लाइव्ह जमलं तर सोनई, नाही जमलं तर परत डोंगर. घरी भावाचा संसार, तिथं मी जास्तीची. आणि लाइव्ह म्हणजे मोबाईल तोंडासमोर. तोंडावर हात धरून साडी कशी विकणार?

त्या दिवशी मी पहिल्यांदा आपणहून विचारलं. "बाई, माझा दात करून द्याल का?"

"देईन. आत्ता नाही."

"आवं, पण लाइव्ह..."

"दाताच्या आधीचं काम राहिलंय."

"कुठलं?"

"हात पुढे कर," म्हणाल्या आणि लडी अडकवली.

मी त्या आठवड्यात धड जेवले नाही. दुकानात ते गोल दिव्याचं स्टँड येऊन पडलं, शेठ रोज विचारायला लागले, आणि बाई आपल्या लोकर गुंडाळतायत. एका संध्याकाळी लडी संपली. हात मोकळे झाले. मी नेहमीप्रमाणे भांडत होते, या वेळी रेड्यांवरून, आणि भांडतच राहिले. बाईंनी गुंडा टोपलीत टाकला, माझ्या मांडीवर पडलेल्या हातांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी ये. ऊन आल्यावर."

मी म्हटलं, "झालं का ते आधीचं काम?"

"झालं. चांगला दात बसवूनही जन्मभर तोंड झाकणाऱ्या बायका पाहिल्यात मी. मग माझं काम बघणार कोण?"

सकाळी त्यांनी मला आधी दारात उन्हात उभं केलं. रंगांची पट्टी ओठाशी धरून एकेक छटा लावून पाहिली. मध्येच मला जीभ फिरवून दात ओला करायला लावायच्या. दात सुकला की फिका दिसतो आणि रंग चुकतो, म्हणाल्या. दूधवाले दादा सायकल थांबवून सल्ला द्यायला लागले. "बाई, अजून थोडा पिवळा."

"तू दूध पातळ करायचं बघ, फटीवाल्या."

आत खुर्चीवर ना सुई, ना ड्रिलचा आवाज. दातावर थंडगार जेल लावलं, धुतलं, वाळवलं, काहीतरी पातळ चोळलं. मग तो मसाला इवल्या चमच्यानं लावायला लागल्या. थोडासा लावायच्या, डोकं तिरकं करून बघायच्या, कुंभारासारखा दाबायच्या, मग निळा उजेड. पुन्हा थोडा. माझ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. दाताशीच बोलत होत्या, "हं, इकडे ये. एवढा सरळ नको होऊस, शेजारचा बघ कसाय." शेवटी घासून गुळगुळीत केला आणि म्हणाल्या, "पुढच्या दातानं ऊस नाही, खोबरं नाही, धागा तर मुळीच नाही. जा."

रस्त्यानं मी मुद्दाम सगळ्यांकडे बघून हसत गेले. कुणी काही बोललं नाही. मेथीवाल्या आजी म्हणाल्या, "बरं वाटाया लागलं का आता? आजारी हुतीस न्हवं?" शेठ म्हणाले, "ब्लाऊज नवा हाय का?" गिऱ्हाइकाला साडी लावून दाखवायला दुकानात मोठा आरसा आहे, त्याच्यापुढं जाऊन मी उभी राहिले. आत जी होती ती अनोळखी नव्हती. ओळखीचीच होती, फार वर्षांनी भेटलेली.

लाइव्हच्या दिवशी शेठांनी स्टँडची पूजा केली. गोल दिव्याला हळद-कुंकू, मोबाईलला अगरबत्ती. नारळ फुटला. मी प्रसादाचं खोबरं पदराला बांधून ठेवलं, खाल्लं नाही. बाईंचं सगळं ऐकलं होतं मी. पहिली साडी झाली, दुसरी झाली. नावं वाचली, भाव सांगितला, काठ दाखवले. शेठ मोबाईलमागून अंगठा दाखवत होते. मला चक्क मजा यायला लागली, आणि तिथंच घात झाला. जांभळी साडी उचलली, पदर पसरला, तर एक धागा लोंबत होता. इतकी वर्षं जे केलं तेच झालं. डोक्यात विचारही आला नाही. दातात धरला आणि हिसडा दिला.

टक्.

जिभेला कळलं. तुकडा जांभळ्या साडीवरून घसरून कुठंतरी गेला. समोर मोबाईल. दोन्ही हातांत पदर. शेठांचा अंगठा हवेतच राहिला. खालून लिहिलेलं वर सरकत होतं आणि मला स्पष्ट दिसलं, 'ताई, दात पडला का काय?'

डोळ्यांपुढं अकोल्याची गाडी आली. पण साडी सोडली तर जमिनीवर लोळणार, आणि नवीन साडी जमिनीवर पडू द्यायची नसते, हे हातांना माहीत होतं. तोंड काय उघडंच होतं.

"व्हय ताई, पडला," मी म्हणाले. "डोळ्यांदेखत पडला. दात गेला, पण धागा तुटला न्हाई. हा बघा, हाय तसाच हाय! आता साडी किती पक्की ते मी येगळं काय सांगू?"

मग खाली हसण्याची चित्रं धडाधडा यायला लागली. कुणीतरी लिहिलं, 'दात राहू द्या, पदर दाखवा.' मी पदर दाखवला. मला हसू आवरेना, तुटक्या दातानं, सगळ्या तालुक्यासमोर. जांभळी साडी तेव्हाच गेली, आणि मग तसलीच आणखी आहे का म्हणून विचारायला लागले.

संपवून मान वर केली तर दुकानाच्या दारात डॉक्टरबाई. पुरुषी चपला, अंगावर दवाखान्याचा कोट, हाताची घडी. त्या लाइव्ह बघत होत्या हे त्यांनी पुढंही कधी कबूल केलं नाही.

"तुकडा कुठाय?"

"बाई, चुकलं माझं. तुमी सांगितलं हुतं..."

"तोंडानं सांगून हाताची सवय जात नाही हे मला ठाऊक होतं. दाताची जाईल असं वाटलं. माझीच चूक. आणि लांबी जरा जास्त ठेवली होती मी. चल."

शेठ म्हणाले, "डॉक्टरबाई, राहू द्या की तसाच. गिऱ्हाइकाला आवडलाय."

"तुमचा पडला की तसाच ठेवू," बाई म्हणाल्या आणि मला घेऊन निघाल्या.

या वेळी त्यांना जास्त वेळ लागला. आधी उठून एक बारकी कात्री आणली, दोऱ्यात ओवून माझ्या गळ्यात घातली, मगच खुर्चीचा दिवा लावला. दात थोडा आखूड केला. डाव्या कोपऱ्याला किंचित गोलाई दिली, पुसली, पुन्हा दिली. "तुझा मूळचा कसा होता कुणास ठाऊक," असं पुटपुटल्या. लहानपणचा माझा हसरा फोटोच नव्हता. त्या दिवशी केलेला तो दात अजून आहे. आज लाइव्हमध्ये बोलते ती त्याच दातानं.

माझी नोकरी टिकली हे मला शेठांनी कधी तोंडानं सांगितलं नाही. पुढच्या लाइव्हसाठी खुर्चीवर गादी घातली, त्यावरून मी समजले. थोड्या दिवसांनी भावाच्या मोबाईलवर घरच्यांनी मला पाहिलं. गावात रेंज नाही, तर सगळे मिळून टेकडीवर गेले होते. रात्र पडायच्या आत आईचा फोन आला. मला वाटलं, दाताचं बोलेल.

"आगं, किती बोलतीस!" आई म्हणाली. "घरात तर तोंडातून शब्द निघत नव्हता तुझ्या."

"आनि आई, काय वेगळं दिसलं का?"

"केस कापलेस का?"

"न्हाई गं."

मागं भाचरं ओरडत होती. "हसतीस ती अगदी मावशीवानी गं. धाकल्या मावशीवानी. मला म्हाईतच नव्हतं."

मी फोन ठेवला आणि जिना उतरून खाली गेले. बाई हात धूत होत्या. आईचं बोलणं त्यांना सांगितलं. मला वाटत होतं, आता तरी त्यांचे आभार मानून टाकावेत, चांगले, सावकाश, मनात कितीदा जुळवून ठेवले होते तसे. मी तोंड उघडलं तेवढ्यात त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला.

"मावशीचे दात कसे आहेत?"

"काय की बाई. चांगलेच असतील."

"फोटो मागव."

भावानं फोटो पाठवला. कुणाच्या तरी लग्नात मावशी पंगतीत बसून हसतेय, असा. बाईंनी मोबाईल माझ्या हातातून घेतला, दारात उजेडाला गेल्या, बोटांनी चित्र मोठं केलं. बराच वेळ बघत होत्या. मग माझी हनुवटी धरून मला उजेडाकडे फिरवलं. एकदा फोटो, एकदा मी.

"डावा कोपरा गोल आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे बरोबर आलाय."

आणि शीळ घालत आत गेल्या.